छातीच्या फोटोतला डाग, बी-१ आणि काउंटीचं टीबी क्लिनिक

ज्यांचे आईवडील ग्रीन कार्डावर अमेरिकेत येणार आहेत आणि ज्यांच्या व्हिसाच्या मेडिकलच्या कागदावर ‘क्लास बी-१, टीबी’ असं लिहून आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या हातात तो कागद पडला तेव्हा मी रात्र रात्र शोधत बसायचे. जे सापडायचं ते डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं. घरच्या माणसांना पुढे नेमकं काय वाढून ठेवलंय, हे कुठेच मिळालं नाही.

आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. बाबा ६७ वर्षांचे, कराडचे, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त. आई ६२. दोघांचं मेडिकल जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत झालं. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाचा तिथे छातीचा फोटो काढतात. आईचा स्वच्छ निघाला. बाबांच्या उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग दिसला.

असा डाग दिसला की लागोपाठ तीन दिवस बेडक्याचे नमुने द्यावे लागतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि कल्चरलाही लावतात. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो, त्यामुळे कल्चरचा शेवटचा निकाल यायला आठ आठवडे जातात. ते आठवडे फार वाईट गेले. बाबा फोनवर एकच वाक्य बोलायचे, “अगं, मला कधी टीबी झालाच नाही.” आई नातेवाइकांना “कागदपत्रं अडकलीत” एवढंच सांगायची. मी तिला दोष देत नाही. आपल्याकडे या आजाराचं नाव घेतलं की लोक भांडी वेगळी करतात.

मार्चमध्ये निकाल आला, तिन्ही नमुन्यांत जंतू नाहीत. मग कागदावर बी-१ लागलं. क्लास ए म्हणजे संसर्गजन्य टीबी, त्यावर उपचार पूर्ण झाल्याशिवाय प्रवास नाही. बी-१ म्हणजे फोटोत खूण आहे, पण बेडक्यात जंतू नाहीत, तेव्हा प्रवासाला मोकळीक. फक्त तिकडे पोचल्यावर पुन्हा दाखवा. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. बी-१ असेल तर मेडिकलची मुदत नेहमीच्या सहा महिन्यांऐवजी तीनच महिने असते आणि व्हिसाची तारीखही त्यावरच ठरते. आम्ही जूनची स्वस्त तिकिटं बघत होतो, ती सोडून २२ मेची महाग तिकिटं काढावी लागली. क्लिनिकने एक्स-रेची सीडी दिली होती, ती हातातल्या पिशवीत ठेवायला सांगितली. डीएस-३०३० नावाचा टीबीचा फॉर्म असतो, त्याचीही प्रत जवळ ठेवा.

विमानतळावर बाबांना टीबीबद्दल कोणी काही विचारलं नाही, आणि मला उगाच वाटलं की विषय संपला. पण बी-१ असलेल्या माणसाची माहिती सीडीसीकडून (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) तो जिथे राहणार त्या भागातल्या आरोग्य विभागाकडे जाते. ती मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत तपासणी सुरू व्हावी, अशी अपेक्षा असते.

३ जूनला अनोळखी नंबरवरून फोन आला. काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आरोग्य विभागातली पब्लिक हेल्थ नर्स बोलत होती. तिने बाबांचं नाव, जन्मतारीख विचारली, मग पत्ता विचारला, आणि तिथेच गाडी अडली. फ्रिस्को गाव दोन काउंट्यांत विभागलेलं आहे, थोडं कॉलिनमध्ये, थोडं डेंटनमध्ये. व्हिसाच्या फॉर्मवर आमच्या जुन्या अपार्टमेंटचा पत्ता होता. मधल्या काळात आम्ही घर बदललं होतं, गाव तेच, पण काउंटी दुसरी. “मग फाइल तिकडे पाठवावी लागेल,” ती म्हणाली. आठवडाभराने दुसऱ्या काउंटीतून फोन आला आणि १८ जूनची वेळ मिळाली. आपण कुठल्या काउंटीत राहतो हे प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर स्पष्ट लिहिलेलं असतं. भाड्याने राहत असाल तर काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून बघता येतं.

काउंटी या प्रकाराकडे मी इतकी वर्षं लक्षच दिलं नव्हतं. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि पैसे नसलेल्या माणसाला डॉक्टर कसा मिळणार, हे पुष्कळसं त्या रेषांवर ठरतं. आमच्यापासून गाडीने थोडं दक्षिणेला गेलं की डॅलस काउंटी लागते. तिथे पार्कलंड हे सार्वजनिक रुग्णालय आहे, १८९४ पासूनचं. तिथल्या मालमत्ता करातून त्याला पैसे मिळतात आणि आर्थिक मदतीची त्याची योजनाही डॅलस काउंटीच्या रहिवाशांसाठीच आहे. रेषेच्या अलीकडे आमच्याकडे तसं रुग्णालय नाही. अमेरिकेत विमा नसलेल्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त टेक्सासमध्येच आहे. टीबीचं मात्र वेगळं असतं. तुमच्याकडे विमा आहे का, पैसे आहेत का, हे बघून कोणी टीबीची तपासणी थांबवत नाही, कारण एकाचा टीबी सगळ्यांच्या हवेत जातो. आमच्याकडून तपासणीचे, एक्स-रेचे, रक्ताचे किंवा औषधाचे पैसे शेवटपर्यंत कोणी मागितले नाहीत.

फोनवरच मी नर्सला विचारलं होतं की याने ग्रीन कार्डावर काही परिणाम होतो का. तिने सरळ सांगितलं की आम्ही आरोग्य विभाग आहोत, इमिग्रेशन नाही. नंतर वाचून खात्री करून घेतली. बी-१ ची ही फेरतपासणी ग्रीन कार्डाची अट नसते आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे संसर्गजन्य रोगाची तपासणी-उपचार ‘पब्लिक चार्ज’मध्ये, म्हणजे सरकारवर भार ठरवण्याच्या हिशेबात, धरत नव्हते. हे मुद्दाम लिहितेय, कारण याच भीतीने फोन न उचलणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत.

१८ जून, मंगळवार. क्लिनिक काउंटीच्या मुख्य गावात, साध्या बैठ्या इमारतीत. दारातच मास्क दिला. सीडी, फॉर्म, पासपोर्ट आणि बाबांच्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या मी नेल्या होत्या. पट्ट्याच न्या, आपल्याकडच्या ब्रँडची नावं इथे कोणाला कळत नाहीत. पट्टीवर मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं.

दुभाष्याचं काम मीच करणार होते. नर्सने हसून, पण ठामपणे नाही म्हटलं आणि फोन स्पीकरवर लावला. आधी हिंदीचा दुभाषी आला. मी म्हटलं, मराठी हवी. दहा-एक मिनिटं गेली आणि पलीकडून एका बाईंचा आवाज आला, “नमस्कार काका, मी तुमच्यासाठी भाषांतर करणार आहे. तुम्ही जे बोलाल ते सगळं मी नर्सना सांगेन.” बाबा खुर्चीत सरसावून बसले. सरकारी निधी घेणाऱ्या प्रत्येक दवाखान्याला दुभाषी फुकट द्यावा लागतो, तेव्हा मागायला संकोचू नका आणि “हिंदी चालेल” असं उगाच म्हणू नका.

प्रश्न ठरलेले होते. तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला? रात्री घाम? वजन उतरलं? थुंकीतून रक्त? सगळ्याला बाबा नाही म्हणाले. मग नर्सने विचारलं, लहानपणी घरात कोणाला टीबी होता का? बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझे धाकटे काका. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आम्ही एकाच खोलीत झोपायचो. ते रात्रभर खोकायचे. नंतर त्यांना मिरजेला, वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये नेलं. ते परत आले नाहीत. घरात कोणी त्या आजाराचं नाव घेत नसे.”

मला हे काका माहीतच नव्हते. माझ्यासमोर बाबा चाळीस वर्षांत जे बोलले नाहीत, ते फोनमधल्या अनोळखी बाईंना पाच मिनिटांत बोलले. मी दुभाषी म्हणून बसले असते तर हे निघालं नसतं याची मला खात्री आहे. आणि उपचाराच्या दृष्टीने तीच माहिती सगळ्यात महत्त्वाची होती.

त्या दिवशी पुन्हा छातीचा फोटो झाला आणि रक्त घेतलं. रक्ताची तपासणी म्हणजे आयजीआरए. हातावर सुई टोचून फुगवटा मोजण्याची जी जुनी पद्धत आहे, ती लहानपणी बीसीजी ही टीबीची लस घेतलेल्या माणसात फसवी येऊ शकते. रक्ताच्या तपासणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. आपल्याकडच्या माणसांसाठी रक्ताचीच मागून घ्या. शिवाय बेडक्यासाठी तीन प्लॅस्टिकच्या डब्या दिल्या. सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्यापिण्याआधी, नुसत्या पाण्याने चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढायचं. नुसती थुंकी चालत नाही. बंद खोलीत नको, बाहेर उघड्यावर. बाबा तीन दिवस पहाटे मागच्या अंगणात जाऊन उभे राहायचे. डब्या फ्रीजमध्ये ठेवायच्या असतात, आईला ते अजिबात पटेना. शेवटी आम्ही बर्फाच्या छोट्या कूलर बॅगेत ठेवल्या आणि रोजच्या रोज बर्फ बदलला.

घरात माझी सहा वर्षांची मुलगी आहे. तिचं काय, आजोबांना वेगळं ठेवायचं का, हे मी विचारलं तेव्हा माझा आवाज कापत होता. नर्सने पुन्हा दुभाष्या बाईंना जोडलं, म्हणजे उत्तर बाबांनाही कळावं. खोकला नाही, भारतातल्या तिन्ही नमुन्यांत काही नाही, तेव्हा वेगळं राहायची गरज नाही. तिने आणखी एक सांगितलं. टीबी ताटवाटीतून, कपड्यांतून, मिठी मारल्याने पसरत नाही. हे बाबांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आल्यापासून ते नातीला जवळ घेत नव्हते, त्या संध्याकाळी घेतलं.

आठवडाभरात निकाल आले. रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह, सूक्ष्मदर्शकाखाली बेडका निगेटिव्ह. कल्चरला पुन्हा आठ आठवडे. जंतू शरीरात आहेत पण झोपलेले आहेत, असा साधारण अर्थ. अशा माणसांपैकी पाच ते दहा टक्क्यांना आयुष्यात कधीतरी खरा टीबी होतो. वय, मधुमेह, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं यांनी तो धोका वाढतो. जगातल्या एकूण टीबीपैकी साधारण एक चतुर्थांश रुग्ण एकट्या भारतात आहेत, म्हणून आपल्या पिढ्यांमध्ये हे निघणं काही नवल नाही आणि लाज वाटण्यासारखं तर मुळीच नाही.

कल्चरची वाट बघताना दुसरी कामं उरकली. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, मिळायला ६५ वर्षांवरच्या नव्या ग्रीन कार्डधारकाला सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं, म्हणजे बाबांसाठी मे २०२९. तोवर हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून विमा घ्यायचा. देशात आल्यापासून साठ दिवसांची खास खिडकी असते, ती चुकली तर नोव्हेंबरच्या खुल्या नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. आम्ही दोघांसाठी ब्राँझ, म्हणजे त्यातल्या कमी हप्त्याच्या गटातली, योजना घेतली, ती १ जुलैपासून सुरू झाली. आम्ही त्यांना आमच्या टॅक्समध्ये अवलंबित दाखवतो, त्यामुळे आमचं उत्पन्न धरलं गेलं आणि सवलत काही मिळाली नाही. महिन्याला दोघांचे मिळून दोन हजार डॉलरच्या जवळ. हा आकडा घरच्या अंदाजपत्रकात आधीपासून धरा.

१९ ऑगस्टला कल्चर निगेटिव्ह आल्याचा फोन आला. क्लिनिकच्या डॉक्टरांनी सुप्त टीबीवर उपचार सुचवले, रिफॅम्पिन (आपल्याकडचं रिफाम्पिसिन), रोज ६०० मिलिग्रॅम, चार महिने. आठवड्यातून एकदा घ्यायचा बारा डोसांचा पर्यायही होता, पण बाबांच्या यकृताचा विचार करून डॉक्टरांनी हा निवडला. उपचार ऐच्छिक होते. बाबांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी म्हणाले, “घेतो. पोरीच्या शाळेत, देवळात, सगळीकडे जायचंय मला.”

२६ ऑगस्टला पहिला डोस. उपाशीपोटी, जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी सगळं नारंगी होतं, आणि ते अपेक्षितच असतं. हे आईला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर पहिल्याच दिवशी औषध बंद झालं असतं. बनियनवर डाग पडतात. कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या रंगतात, तेव्हा लावणाऱ्यांनी चष्मा वापरावा. औषध एका वेळी महिन्याचंच मिळतं. दर महिन्याला जाऊन भूक, मळमळ, काविळीची लक्षणं सांगायची, गरजेप्रमाणे यकृताची रक्ततपासणी, मग पुढचं पाकीट.

खरी अडचण दुसरीकडून आली. बाबा रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेतात. रिफॅम्पिन यकृताला कामाला लावतं आणि अम्लोडिपिन शरीरातून भराभर निघून जातं. नर्सने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की रोज बीपी मोजा आणि तुमच्या डॉक्टरांना कळवा. पण आमचे असे डॉक्टर होते कुठे? विम्याच्या यादीतल्या दवाखान्यांना फोन केले तर नव्या रुग्णाला पहिली वेळ नोव्हेंबरमधली. सप्टेंबरच्या मध्यावर बाबांचा वरचा आकडा १६० च्या पुढे जाऊ लागला आणि एका संध्याकाळी १७८ आला.

डोकं दुखत नव्हतं, छातीत काही नव्हतं, बोलणं नीट होतं. नवरा गाडीची किल्ली घेऊन उभा होता. आमच्या कोपऱ्यावर दुकानांच्या रांगेत ‘इमर्जन्सी’ लिहिलेलं एक झकपक केंद्र आहे. टेक्सासमध्ये अशी रुग्णालयाला न जोडलेली इमर्जन्सी केंद्रं पुष्कळ आहेत. दिसतात ती अर्जंट केअरसारखी (किरकोळ दुखण्यांसाठीचे दवाखाने), पण बिल लावतात इमर्जन्सी रूमचं. शेजारच्या कुटुंबाला साध्या तापासाठी अशाच एका केंद्राचं जे बिल आलं होतं ते मी पाहिलं होतं. विम्याच्या कार्डामागे चोवीस तासांचा नर्स नंबर असतो, तिथे फोन केला. तिने लक्षणं एकेक करून विचारली, अर्ध्या तासाने शांत बसवून पुन्हा मोजायला लावलं, काय झालं तर थेट ९११ करायचं तेही सांगितलं. पुन्हा १६४ आला. म्हणाली, आज धावपळ नको, पण याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

दुसऱ्या दिवशी टीबी क्लिनिकच्या नर्सनेच मार्ग दाखवला, कम्युनिटी हेल्थ सेंटर. केंद्र सरकारच्या निधीवर चालणारी ही आरोग्य केंद्रं देशभर आहेत. पैसे नाहीत म्हणून ती कोणाला परत पाठवू शकत नाहीत. दारिद्र्यरेषेच्या दुप्पट उत्पन्नापर्यंत फी उतरत्या क्रमाने कमी होते. २०२४ मध्ये एका माणसासाठी ही रेषा वर्षाला १५,०६० डॉलर होती. कुटुंबात कोणाकोणाचं उत्पन्न धरायचं ते प्रत्येक केंद्र आपल्या धोरणात ठरवतं. आमच्याकडे सगळ्या घराचं धरलं, त्यामुळे सवलत बसली नाही आणि ते केंद्र आमच्या विम्याच्या यादीतही नव्हतं. पण चौथ्या दिवशी वेळ मिळाली आणि ११० डॉलर लागतील हे आधीच कागदावर लिहून दिलं. स्वतः पैसे भरणाऱ्याला असा आगाऊ अंदाज मागायचा हक्क २०२२ पासून आहे.

तिथल्या डॉक्टरबाईंनी अम्लोडिपिनच्या जोडीला लिसिनोप्रिल दिलं, त्यावर रिफॅम्पिनचा तसा परिणाम होत नाही. दुकानात महिन्याच्या गोळ्या चार डॉलरला मिळाल्या. दोन आठवड्यांत आकडा १४० च्या खाली आला. जाताना त्यांनी एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून दिली, ती तुम्हीही लिहून ठेवा. रिफॅम्पिन बंद झालं की दोनेक आठवड्यांत त्याचा परिणाम ओसरतो आणि तेच बीपीचं औषध जास्त पडायला लागतं; म्हणून कोर्स संपताना पुन्हा दाखवायचं. आम्ही जानेवारीत दाखवलं, लिसिनोप्रिल निम्मं झालं.

कोर्समध्ये एकूण १२० डोस व्हावे लागतात, आणि ते सहा महिन्यांच्या आत झाले तरी चालतात. ऑक्टोबरमध्ये पोट बिघडून दोन डोस राहिले. नर्सने सांगितलं की दुप्पट घेऊ नका, ते शेवटी जोडा. बाबांनी कालनिर्णयच्या प्रत्येक चौकोनात खूण करत २५ डिसेंबरला शेवटची कॅप्सूल घेतली. ३० डिसेंबरला क्लिनिकने उपचार पूर्ण झाल्याचं पत्र दिलं.

त्या पत्राच्या प्रती काढून ठेवा आणि फोनमध्येही फोटो ठेवा. रक्ताची तपासणी पुढेही पॉझिटिव्हच येत राहते, तेव्हा ती पुन्हा करून काही कळत नाही. बाबा ज्येष्ठांच्या डे सेंटरमध्ये जाऊ लागले तेव्हा सेंटरने टीबीची टेस्ट मागितली. आम्ही पत्र दाखवलं, त्यावर भागलं. तीन आठवड्यांच्या वर खोकला, ताप, वजन उतरणं असं काही झालं तर मात्र पत्र असलं तरी काउंटीला फोन करायचा, हेही त्यावर लिहिलंय.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीच्या सासूबाई नागपूरहून बी-१ घेऊन आल्या. तीन आठवडे झाले तरी त्यांना फोन आला नाही, कारण फॉर्मवरचा नंबर जुना होता. मी तिला म्हटलं, वाट बघू नकोस, काउंटीचं नाव आणि ‘टीबी क्लिनिक’ एवढं शोध आणि तूच फोन कर. तिने केला, फाइल तिथे येऊन पडलेलीच होती. पुढच्या गुरुवारी त्यांची वेळ आहे. सीडी सापडलीय, औषधांच्या पट्ट्या पिशवीत भरल्यात, आणि मराठी दुभाषी हवा असं तिने वेळ घेतानाच सांगून ठेवलंय.